भिंतीचे खण

जुन्या जालन्यात आमचं घर आहे. पुढचा भाग आजोबांच्या वेळचा, पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फुटी भिंतींचा आणि माळवदाचा. मागचा भाग वडिलांनी नंतर स्लॅब टाकून वाढवलेला. या मागच्या भागात वरच्या मजल्यावर एकच लांबलचक खोली होती. गेल्या वर्षी तिच्या दोन खोल्या करायचं ठरलं आणि मी गवंडी बोलावणार, तेवढ्यात मुलीनं थांबवलं. ती सिव्हिल इंजिनिअर आहे. छत्रपती संभाजीनगरात राहते आणि ऑफिसांच्या आतल्या कामांवर देखरेख करते.

"बाबा, इथे स्लॅबखाली बीम नाही. त्यावर विटांची भिंत उभी करू नका," ती म्हणाली.

साडेचार इंची विटेची, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत चौरस मीटरला अडीचशे किलोच्या वर भरते. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीचं ओझं अडीच टनांच्या घरात गेलं असतं. जिप्सम बोर्डाचं पार्टिशन त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात होतं. म्हणून तेच केलं. दोन दिवसांत भिंत उभी राहिली, घरात वाळू-सिमेंटचा कण आला नाही, आणि रंग दिल्यावर ती विटांची नाही हे कुणाला ओळखूही येईना.

मग टीव्ही आला. ६५ इंची. स्टँड सोडून २२ किलो, भिंतीवरचं लोखंडी ब्रॅकेट धरलं की २५. तो बसवायला आलेल्या पोरानं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली, पोकळ आवाज ऐकला आणि ड्रिल मशीन परत पिशवीत ठेवलं. "काका, अशा भिंतीला मी भोक पाडणार नाही. मागं काय आहे ते आधी बघून घ्या, मग बोलवा." त्या पोराबद्दल मला आजही आदर वाटतो. चार गिट्ट्या ठोकून दहा मिनिटांत तो मोकळा होऊ शकला असता.

त्या रविवारी मुलगी आली, बरोबर दोन वर्षांची नात. त्याच दिवशी माझ्या पत्नीचे थोरले भाऊही आले. ते सुतार आहेत, चाळीस वर्षांहून जास्त काळ दारं, खिडक्या, माळवदाच्या तुळया आणि अलीकडे कपाटं करत आलेले. मुलांचे मामा म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. टीव्हीचं खोकं भिंतीला टेकून उभं होतं. त्यावरून मामा-भाचीत जे बोलणं झालं, ते लिहून ठेवावंसं वाटलं.

मामांनी भिंतीवर तळहात ठेवून जरा दाबलं.

"दाजी, मी सरळ सांगतो. टीव्ही टेबलावर ठेवा. सागवानी टेबल करून देतो, दीड फूट खोल, खाली दोन कप्पे. कागदाच्या भिंतीला २५ किलो टांगायचं काम मी करणार नाही."

"मामा, कागद फक्त वरून आहे," भाची म्हणाली. "आत साडेबारा मिलिमीटर जिप्सम आहे."

"जिप्सम म्हणजे पीओपीचाच भाऊ. गणपतीच्या मूर्तीला धक्का लागला तर बोट निखळतं. त्याच्यावर वजन टाकायचं म्हणायलीस तू?"

"भाऊ कसला, तेच आहे. राजस्थानात जमिनीतून निघतं ते जिप्सम. तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि पीओपी होतं. पीओपीत पाणी घातलं की पुन्हा जिप्सम होतं. या बोर्डाच्या वजनात पाचवा हिस्सा पाणी असतं, धरून ठेवलेलं. आग लागली तर आधी ते पाणी वाफ होऊन जातं, तोवर पलीकडची खोली वाचते. म्हणून दवाखान्यांत, ऑफिसांत ही भिंत घालतात. ती वाईट नाही, मामा. तिचं काम वेगळं आहे."

"तेच तर मी म्हणायलोय. तिचं काम आडोशाचं. ओझं घ्यायचं नाही."

इथे दोघंही एकच बोलत होते, पण ते त्यांच्या ध्यानात यायला आणखी तासभर गेला.

मामांच्या विरोधाला कारण होतं. काही वर्षांपूर्वी त्यांना एका दुकानात मोडलेलं फर्निचर दुरुस्त करायला बोलावलं होतं. तिथे अशाच भिंतीवरचा टीव्ही रात्रीतून खाली आला होता आणि काचेचं काउंटर घेऊन गेला होता. मामांनी ब्रॅकेट उचलून पाहिलं तर चारही प्लॅस्टिकच्या गिट्ट्या स्क्रूंवर तशाच होत्या, प्रत्येकीला पांढऱ्या भुग्याचा गोळा चिकटलेला. "विटेत गिट्टी फुगते आणि विटेला धरते," मामा म्हणाले. "इथं ती कुणाला धरणार? पाठीमागं मोकळी हवा. पहिल्या दिवशी घट्ट बसली होती म्हणे. चार महिने बसली. रोज कुणीतरी वायर काढायला-लावायला टीव्ही हलवायचं, तेवढ्यानं भोक मोठं होत गेलं."

मामांच्या सगळ्या बोलण्यातलं हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. अशी भिंत एकदम दगा देत नाही. जिप्सम भोकाच्या कडेनं कणाकणानं चुरत जातं आणि वरून काही दिसत नाही, कारण ब्रॅकेट टीव्हीच्या मागे झाकलेलं असतं. आज टांगलं आणि आज टिकलं, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही.

भाचीनं ते मान्य केलं. "गिट्टी नकोच. मी गिट्टीचं म्हणतच नाही. या बोर्डाच्या मागे पत्र्याचे उभे स्टड आहेत, दर दोन फुटांवर. वजन त्यांच्यावर द्यायचं."

याच सुमारास अमेरिकेतून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्याही घराच्या भिंती अशाच बोर्डाच्या आहेत. तिकडे हा प्रकार जुना. न्यूयॉर्कच्या ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ साली कागद आणि प्लास्टरच्या थरांच्या फळ्यांचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे आजचा बोर्ड आला. मुलगा म्हणाला, "अगं ताई, सोपं आहे. स्टड शोधायचा, तीन इंची जाड स्क्रू आत घालायचा, झालं. मी एकट्यानं बसवला." आणि त्यानं आपला टीव्ही दाखवला.

"तुझा स्टड कशाचा आहे?" मामांनी विचारलं.

"लाकडाचा. दर १६ इंचांवर."

मामा भाचीकडे वळले. "आणि आपला?"

भाची क्षणभर गप्प झाली. आपल्याकडच्या पार्टिशनमध्ये स्टड असतो जस्त चढवलेल्या पत्र्याचा. आकार इंग्रजी सी अक्षरासारखा आणि पत्र्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिकडे दीड इंच जाडीच्या लाकडात स्क्रूचा आटा इंच-दोन इंच रुततो. इथे तो अर्धा मिलिमीटर पत्रा धरतो, म्हणजे जेमतेम एक आटा. वरून लोक वापरतात ते बोर्डाचे काळे बारीक स्क्रू. ते बोर्ड धरायला केलेले असतात. कडक असल्यामुळे वजनाखाली ते वाकत नाहीत, कट्‌कन तुटतात. परदेशातलं काम बघून इथे हात घालणारे बरेच जण इथेच फसतात. वरून दोन्ही भिंती सारख्याच दिसतात, पण आतलं हाड वेगळं असतं.

"बरोबर आहे," भाची म्हणाली. "नुसता पत्रा पुरायचा नाही."

पण ती एवढ्यावर थांबली नाही. "मामा, तुम्ही टेबल म्हणता. ते तरी सुरक्षित आहे का, बघू या ना."

आणि तिनं जे दाखवलं त्यानं मामांचा सूर पहिल्यांदा बदलला. खालच्या खोलीत कपड्यांचं एक बुटकं कपाट आहे, कप्पे ओढायचं. नात तिथेच खेळत होती. तिनं खालचा कप्पा ओढला, त्यावर पाय ठेवला आणि वरचं कपबशीचं ताट बघायला दोन्ही हातांनी वरची कड धरली. भाचीनं तिला पटकन उचललं. "टेबलावरचा टीव्ही हिच्या डोक्याच्या वर असणार. पूर्वीच्या टीव्हीचं वजन पुढच्या काचेत असायचं, पण तो ढब्बू होता आणि कपाटात कोंडलेला. हा नवा टीव्ही उंच, पातळ आणि दोन पायांवर उभा. वरून जरा ओढला की पुढे येतो. २२ किलो, मामा."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. नातीला त्यांनी मांडीवर घेतलं.

"टेबलावर ठेवायचा तर मागून पट्ट्यानं भिंतीला बांधावा लागेल," ते शेवटी म्हणाले.

"कुठल्या भिंतीला?"

"...याच."

म्हणजे टेबल घेतलं तरी भिंतीचा प्रश्न सुटत नव्हता.

मग बोलणं जुन्या घराकडे वळलं, आणि माझ्या मते खरा उलगडा तिथेच झाला. मामा म्हणाले, "ह्या घरात तुझ्या आज्यानं पाळणा कुठं टांगला होता, माहीत आहे? पुढच्या खोलीत अजून कडी आहे. वर बघ जाऊन. माळवदाला आधी मोठ्या तुळया, त्यांच्यावर सर, त्यांच्यावर किलचन, आणि वरून पांढरी माती. खाली उभं राहून बघितलं तर किलचनच जास्त दिसतं, सगळं छत त्याचंच वाटतं. पण पाळण्याची कडी किलचनात कुणी ठोकत नाही. ती तुळईतच. माझा बाप सांगायचा, लेकरू बसणार असेल तर कडी तुळईतून आरपार काढायची आणि वरून पट्टी घालून तिचं तोंड वळवायचं. दोन तुळयांच्या मध्ये पाळणा पाहिजे असला तर? तर आधी दोन तुळयांवर आडवं लाकूड टाकायचं, आणि कडी त्या लाकडात."

भाचीचे डोळे चमकले. "मामा, तुम्ही सगळं उत्तर दिलंत. बोर्ड म्हणजे किलचन, स्टड म्हणजे तुळई. आणि दोन स्टडांच्या मध्ये आडवं लाकूड टाकायचं. आम्ही ऑफिसात टीव्ही लावायचा असला की बोर्ड चढवायच्या आधीच १८ मिलिमीटरचा प्लाय टाकून घेतो."

"मग इथं का टाकला नाही?"

"तेव्हा टीव्ही कुठे लागणार, हे कुणाला विचारलंच नाही."

हे ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही, पण चूक माझी होती. दोन दिवस काम चालू होतं, भिंत उघडी होती, कारागीर समोर होते. खोलीत काय कुठे असेल हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. जुन्या घरात खुंट्या आणि कोनाडे भिंत चढतानाच ठेवले जायचे. कंदील कुठे लागणार, घोंगडी कुठे अडकणार, हे घरधन्याला आधी सांगावं लागायचं, कारण नंतर मातीच्या भिंतीत खुंटी ठोकली तर ती हलते. विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंतींनी आपली ही सवय मोडली. वाटेल तेव्हा वाटेल तिथे भोक पाडायचं. नव्या पोकळ भिंतीनं तीच जुनी सवय पुन्हा मागितली आहे.

यावर दोघांचं एकमत झालं असं वाटेल, पण लगेच दुसरा वाद उभा राहिला. भाचीचं म्हणणं, भिंत फोडायची नाही. बाहेरूनच चार फूट रुंदीचा प्लाय तीन स्टडांवर जड स्क्रूंनी जखडायचा, त्यावर सनमायका लावायचा आणि ब्रॅकेट त्या प्लायवर. वजन एका जागी न पडता दहा-बारा स्क्रूंत वाटलं जातं. रंगकाम वाचतं. तिच्या कामांत हे नेहमी होतं आणि त्यात चूक काही नाही.

मामांना ते मान्य नव्हतं. "स्क्रू किती का मारेनास, प्रत्येक स्क्रूखाली पत्रा तेवढाच. मी पत्र्याच्या पोटात लाकूड घालणार. भिंत उघडायची म्हणजे उघडायची."

"पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग..."

"रंग काय, चार दिवसांचा. मला रात्री झोप लागली पाहिजे."

इथे मी तोंड उघडलं आणि भिंत उघडायला सांगितलं. भाचीचा उपाय कच्चा होता असं मला वाटत नाही. ज्यांना भिंत फोडणं शक्य नाही, भाड्याचं घर आहे, त्यांनी तोच करावा. पण आमच्या घरात लहान लेकरू दर आठवड्याला येणार होतं, आणि भिंतीच्या आत काय आहे ते डोळ्यांनी बघायची मला गरज वाटत होती.

आधी स्टड शोधले. भाचीकडे यंत्र होतं, पण मामांनी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक आणायला लावला. चुंबक रुमालात गुंडाळून भिंतीवरून हळूहळू फिरवला की जिथे बोर्डाचे स्क्रू असतात तिथे तो चिकटतो. असे स्क्रू एकाखाली एक उभ्या रेषेत सापडले की तो स्टड. यंत्रानं आणि चुंबकानं एकच रेषा दाखवली. पेन्सिलनं खुणा केल्या, ओळंब्यानं रेषा उभी आहे का ते पाहिलं, आणि मग वीज बंद करून मधल्या तीन स्टडांच्या दरम्यान चार फूट रुंद, दोन फूट उंच खिडकी कापली. कापताना दोन्ही कडा कडेच्या स्टडांच्या बरोबर मध्यावर आणल्या, म्हणजे परत बसवायच्या तुकड्यालाही आधार राहतो.

तुकडा निघाला आणि आम्ही तिघंही एकाच ठिकाणी बघत राहिलो. वायरींची पाइप आडवी गेली होती. पत्र्याच्या स्टडांना वायर न्यायला मुळातच भोकं ठेवलेली असतात, त्यांतून ती एका स्विचबोर्डापासून दुसऱ्या स्विचबोर्डाकडे काढली होती. ब्रॅकेटचा खालचा डावा बोल्ट बरोबर तिच्यात गेला असता. वायर नेहमी उभीच जाते, असं धरून भोक पाडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पुढचं काम मामांचं. त्यांनी स्टडाच्या सी आकाराच्या पोटात बसतील असे लाकडाचे उभे तुकडे रंधून घेतले, दोन फुटांपेक्षा थोडे लांब, म्हणजे वर-खाली न कापलेल्या बोर्डामागेही ते जातात. पत्र्याच्या बाजूनं स्क्रू मारून ते पक्के केले. जिथे स्टडाची पाठ समोर आली तिथे तुकडा पाठीला लावला. या लाकडांवर १८ मिलिमीटरचा प्लाय, दोन खणांत दोन तुकडे, असा बसवला की त्याची तोंडं स्टडाच्या तोंडाशी बरोबर सपाट आली. वायरीची पाइप मागून मोकळी राहिली. प्लाय साधा नको, पाण्याला टिकणारा हवा, असा मामांचा आग्रह होता. आयएस ७१० चा छाप बघूनच त्यांनी घेतला, आणि कापलेल्या कडांना वाळवीचं औषध लावलं. जुन्या घराला लागून असलेल्या खोलीत वाळवीला निमंत्रण नको.

प्लाय बसवण्याच्या आधी मामांनी त्यावर ब्रॅकेट ठेवून भोकांच्या खुणा केल्या, आणि प्लायच्या मागच्या बाजूनं दातेरी टी-नट ठोकले, आठ एमएमचे. "आता बोल्ट लाकडाच्या भरवशावर नाही," ते म्हणाले. "लोखंड लोखंडाला धरतं." पुढे टीव्ही कितीदा काढला-घातला तरी लाकडातला आटा झिजणार नाही. मात्र जागा आत्ताच कायमची ठरणार होती, म्हणून भाचीनं उंची दोनदा विचारली.

उंचीवरही बोलणं झालं. हॉटेलात आणि दुकानात टीव्ही डोक्याच्या वर असतो, म्हणून घरातही लोक तसाच लावतात आणि मग मान दुखते म्हणतात. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या सरळ रेषेत पडद्याचा मध्य यावा. सोफ्यावर किंवा दिवाणावर बसणाऱ्याचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात, सतरंजीवर बसणाऱ्याचे अडीच फुटांच्या. आमच्याकडे दिवाणावर बसतात, म्हणून साडेतीन धरले.

ब्रॅकेटचा प्रकार मात्र खुणा करण्याआधीच ठरला होता. मुलानं अमेरिकेत लावलं आहे ते पुढे ओढून वळवायचं, हातासारखं. मला तेच हवं होतं. या एका गोष्टीवर मामा-भाची दोघंही माझ्याविरुद्ध एक झाले. मामांनी पाण्याची भरलेली घागर आणायला लावली. "कमरेवर घ्या. आता हात लांब करून धरा." कमरेवर घागर घेऊन बाई अर्धा कोस चालते. हात लांब केला की दहा पावलांत खांदा उतरतो. घागर तेवढीच असते.

भाचीनं तेच आकड्यांत सांगितलं. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांत ४० सेंटिमीटर अंतर असलं, आणि २५ किलोचा टीव्ही भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर असला, तर वरचे बोल्ट बाहेर ओढणारा जोर साधारण ३ किलोचा. तोच टीव्ही हात लांब करून ५० सेंटिमीटर पुढे आणला की ओढ ३१ किलोची, आणि ती दर वेळी ओढताना-ढकलताना कमी-जास्त होत राहते. बोल्ट खाली सरकत नाहीत, ते भिंतीतून उपटले जातात. म्हणून पोकळ भिंतीवर हाताचं ब्रॅकेट लावू नये. मी ते दुकानात परत केलं आणि चिकटून बसणारं आणलं. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून गेलो होतो. आमच्या टीव्हीला ते ४०० बाय ४०० निघालं. ब्रॅकेट त्या मापाचं आणि वजनाला दुपटीचं तरी घ्यावं.

बोर्डाचा कापलेला तुकडा परत बसवला, सांध्यांवर जाळीची टेप आणि भरणी केली, आणि बोर्डातून प्लायच्या नटांपर्यंत बोल्ट आवळले. पाणसळ ठेवून ब्रॅकेट आडवं पाहिलं. टीव्ही मात्र त्या दिवशी चढला नाही. मामांनी सिमेंटचं ५० किलोचं पोतं मागवलं आणि दोरानं ब्रॅकेटला टांगलं. ब्रॅकेटच्या वरच्या कडेला धरून भिंतीवर टोकदार पेन्सिलनं बारीक रेघ मारली. पोतं रात्रभर लोंबत राहिलं. खाली गाद्या टाकल्या होत्या आणि दार बाहेरून बंद होतं.

सकाळी सहा वाजता मामा बॅटरी घेऊन वर गेले. रेघ आणि कड यांत केसाइतकंही अंतर पडलं नव्हतं. त्यांनी भाचीला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "धरलं बाळ, तुझ्या भिंतीनं."

"तुमच्या लाकडानं, मामा."

"दोघांनी."

तरीही मामांचं मन पूर्ण वळलं आहे असं नाही. ७५ इंचांच्या वरचा टीव्ही असता तर मी हे केलंच नसतं, असं ते अजून म्हणतात. त्यावर भाचीचं उत्तर तयार असतं. तेवढ्या वजनाला जमिनीपासून वरच्या स्लॅबपर्यंत दोन चौकोनी लोखंडी पाइप भिंतीच्या आत उभ्या करायच्या, म्हणजे ओझं भिंतीवर येतच नाही. ज्या जालन्यातून बांधकामाची सळई गाडीगाडीनं बाहेर जाते, तिथे दोन पाइपांना काय तोटा, असं ती विचारते. मामा म्हणतात, पाइप असेल तर बघू. हा वाद चालू आहे आणि मला तो चालू राहिलेला आवडेल.

मात्र टेबल मामांनी केलंच. टीव्हीच्या खाली, भिंतीला टेकून, बुटकं, ओढायचे कप्पे नसलेलं. त्यावर पाय ठेवून वर चढायला काहीच नाही, हे त्यांनी नातीला दोनदा सोडून तपासलं.

ज्यांच्या घरात, दुकानात, दवाखान्यात असं पार्टिशन सध्या उघडं उभं आहे, त्यांना माझी विनंती आहे. बोर्ड चढण्याआधी एक संध्याकाळ त्या सांगाड्यासमोर उभे राहा. टीव्ही, गीझर, देवघर, आरसा, पुस्तकांची फळी, जे जे जड टांगायचं असेल त्याची जागा ठरवा आणि तिथे प्लाय टाकून घ्या. मग मोजपट्टी सांगाड्याला लावून, आकडे वाचता येतील असे फोटो काढा, वायरींच्या पाइपांसकट. भिंत बंद झाली असेल तर चुंबक घ्या, आणि काय आहे ते कळेपर्यंत भोक पाडू नका.

आमच्या भिंतीचा फोटो छापून घेतला आहे. तो मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.